गर्भकालीन बी-१२ आणि मुलांची कौशल्ये

गर्भवतीच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण आणि तिच्या मुलाची पुढे दिसणारी लक्ष, स्मरण व भाषा यांतील गती यांचा संबंध. पोटात असताना मिळालेल्या पोषणाची छाप थोरपणीही राहते, हा विचार ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी रुजवला. त्यांचा रोख मुख्यतः हृदयविकारावर होता. बुद्धीच्या अंगाने हा धागा पुढे नेणाऱ्या अभ्यासांत पुण्याजवळची सहा खेडी महत्त्वाची ठरली.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांचे खाणे, शेतातले काम, रक्त यांची नोंद झाली आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालू राहिला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघाले. त्याचे कारण ताटातच होते. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतू तयार करतात आणि ते आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते; भाकरी, वरण, पालेभाजीत ते नसते. मांसाहारी घरांतही मटण रोजचे नसते. शिवाय फोलेट (ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व; गोळीतले त्याचे रूप म्हणजे फॉलिक आम्ल) पुरेसे असले की रक्तपेशींत या उणिवेची खूण दिसत नाही, त्यामुळे ती सहज नजरेतून सुटते.

मुले नऊ वर्षांची झाल्यावर दोन टोके निवडली गेली: गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यात ज्यांच्या आईचे बी-१२ फार कमी होते अशी ४९ मुले आणि ज्यांच्या आईचे भरपूर होते अशी ५९. पहिल्या गटाला रंगीत वर्तुळांतले आकडे क्रमाने जोडायला जास्त वेळ लागला, ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणण्यातही ती मागे पडली. सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ 'बी-१२ कमी म्हणजे मूल मंद' असा लावणे चूक आहे. गर्भसंस्काराच्या बाजारात त्याचा दाखला देणे तर त्याहून चूक. अभिमन्यूच्या चक्रव्यूहाशी याचा काही संबंध नाही.

असे का व्हावे? मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण घडण्यास आणि पेशींतील मिथिलीकरणास, म्हणजे जनुके चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा उमटण्यास, बी-१२ लागते. मायलिनीकरण गर्भातच सुरू होते आणि जन्मानंतर अनेक वर्षे चालते.

निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही. म्हैसूरच्या अशाच अभ्यासात मुलांच्या चाचण्यांतील यशाशी आईच्या फोलेटचा संबंध दिसला, बी-१२चा दिसला नाही. म्हणून पुण्यात प्रयोगच करून पाहिला गेला. १९९०च्या दशकात जन्मलेली तीच मुले २०१२ मध्ये वयात आली होती. त्यांच्यापैकी काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके, तर काहींना तुलनेसाठी नुसती पोकळ, म्हणजे जीवनसत्त्व नसलेली, गोळी दिली गेली. मुलींना आपापल्या गटाची गोळी गर्भधारणेआधीपासून बाळंतपणापर्यंत मिळाली. त्यांच्या लहानग्यांच्या तपासणीत फक्त बी-१२ घेतलेल्या गटाची मुले आकलन आणि भाषेत पोकळ गोळीच्या गटापेक्षा सरस ठरली. मुलांची संख्या थोडी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

सरकारी आरोग्य केंद्रातून गर्भवतीला मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते.