व्हिएतनाममध्ये एम-१६ का अडकत होती?

‘रायफल अडकली’ ही तक्रार फार ढोबळ आहे. नवं काडतूस आत गेलं नाही, गेलं पण उडालं नाही, की रिकामी पुंगळी बाहेर आली नाही, हे आधी ठरवावं लागतं. तिन्हींची मुळं वेगळी असतात. १९६६-६७ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या एम-१६ बंद पडत होत्या, त्यातला सर्वांत घातक प्रकार तिसरा होता. गोळी निघून जायची आणि पितळी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत, घट्ट रुतून बसायची. ती ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिची कड फाडून रिकामाच मागे यायचा. मग नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालून पुंगळी ठोकून काढायची, तीही समोरून गोळ्या येत असताना. एप्रिल-मे १९६७ मध्ये खे सानजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिकांनी हे भोगलं. सैनिकांची पत्रं अमेरिकी संसदेपर्यंत पोचली आणि रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली.

यूजीन स्टोनर यांची मूळ रचना सुटसुटीत आहे. गोळी पुढे जात असताना नळीतल्या बारीक छिद्रातून थोडा तप्त वायू वर येतो आणि एका पातळ नळीतून थेट बोल्ट कॅरिअरमध्ये शिरतो. बोल्ट म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग आणि कॅरिअर म्हणजे त्याला घेऊन सरकणारा भाग. कॅरिअर मागे सरकतो, त्यातल्या तिरक्या खाचेमुळे बोल्ट फिरतो आणि त्याचे दाते खोबणीतून सुटतात. मग बोल्ट पुंगळी ओढून बाहेर फेकतो, मागची स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते आणि जाता जाता तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत नेतो. मिनिटाला ८०० फैरींचा वेग धरला तर हे सगळं सेकंदाच्या तेराव्या हिश्शात उरकतं.

खरी नाजूक गोष्ट पितळेची आहे. स्फोटाच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. ते हवंच असतं, नाहीतर वायू मागे फुटेल. दाब उतरला की पितळ केसभर आक्रसतं आणि पुंगळी सैल होते. बोल्टने नेमकी तेवढी वाट पाहायला हवी. प्रेशर कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण ओढावं, तशी गत घाई केल्यावर होते.

ती घाई बारुदीने करवली. रायफल घडली होती ड्यू पाँ कंपनीच्या आयएमआर ४४७५ या बारुदीवर. पण लष्कराने गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट आणि चेंबरमधला दाब चौरस इंचाला ५२,००० पौंडांच्या आत, अशी अट घातली. मोठ्या उत्पादनात ही अट सांभाळणं त्या बारुदीला जड जात होतं. म्हणून १९६४ मध्ये ऑलिन मॅथिसनची डब्ल्यूसी ८४६ ही गोलदाणा बारूद आली. तिने वेगाची अट पाळली, पण वायू घेणाऱ्या छिद्रापाशी तिचा दाब जास्त राहायचा. कॅरिअरला जोराचा धक्का बसू लागला, बोल्ट लवकर सुटू लागला आणि फैरींचा वेग ८५० ची मर्यादा ओलांडून हजाराकडे गेला. शिवाय ही बारूद बनवताना उरलेलं आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ, वापरतात. तो वायूच्या नळीत साचायचा. पुढे त्याचं प्रमाण कमी करण्यात आलं.

सर्वांत संतापजनक भाग पुढेच आहे. कारखान्यात रायफली पास करताना जुन्या धर्तीच्या बारुदीची काडतुसं चालू दिली गेली आणि व्हिएतनामला प्रामुख्याने गोलदाण्याची गेली. चाचणीत दोष दिसणार तरी कसा?

दुसरं मूळ चेंबरच्या पोलादात होतं. दमट हवेत, पावसात, चिखलात त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले. फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत दाबलं जातं, मग दाब पूर्ण उतरला तरी पुंगळी सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये हा धडा मिळालेला होता. आधीच्या एम-१४ च्या नळीला आतून कठीण क्रोमचा मुलामा होता, एम-१६ ला सुरुवातीला नव्हता. भरीला ‘हिला सफाई लागत नाही’ हा समज पसरलेला. कित्येक सैनिकांना सळई, ब्रश, तेल काहीच मिळालं नव्हतं.

उपाय म्हणून बोल्टमागचा बफर, म्हणजे मागे येणाऱ्या कॅरिअरचा धक्का झेलणारा भाग, बदलला. नव्या बफरमध्ये सरकणारी वजनं होती. त्यांनी फैरींचा वेग आवरला आणि पुढे धडकून बोल्टचं उसळणंही थांबवलं. १९६७ पासून चेंबरला क्रोम आलं, सफाईचं साहित्य पोचलं आणि १९६८ मध्ये चित्रकार विल आयस्नर यांनी चित्रकथेच्या रूपात देखभालीची पुस्तिका काढली. चेंबर त्याच्या खास ब्रशने घासा, दात्यांच्या खोबणीतली काजळी काढा, चेंबर कोरडं करूनच काडतूस भरा, असा तिचा रोख होता. मात्र आधीच खड्डे पडलेल्या चेंबरला कितीही घासून उपयोग नसतो. तिथे नळीच बदलावी लागते.