मासेमारी बोटीची स्टार्टिंग बॅटरी

डिझेल इंजिनाच्या मासेमारी बोटीत सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरवायला जी लेड-ॲसिड बॅटरी लागते ती म्हणजे स्टार्टिंग बॅटरी. पूर्वी एक-दोन सिलिंडरची इंजिनं हँडल मारून चालू व्हायची, आताच्या सहा सिलिंडरच्या ट्रॉलरला ते शक्य नाही, आणि गाडीसारखा बोटीला धक्का मारून चालू करायची पण सोय नाही. म्हणजे बॅटरी उतरली की वायरलेसवरून नाहीतर ओरडून दुसऱ्या बोटीला बोलवायचं, आणि वायरलेस पण त्याच बॅटरीवर असेल तर मग बघायलाच नको.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्जिंग काढून काही तास तशीच ठेवल्यावर मीटर साधारण १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती फुल, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास हवा. त्याहून कमी दिसला तर बॅटरीला शिव्या देण्याआधी आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, पट्टा बघा, ढिला पट्टा घसरतो आणि चार्जिंग होतच नाही.

स्टार्टिंग बॅटरीत प्लेटा पातळ आणि जास्त असतात, कारण तिचं काम काही सेकंद जबरदस्त करंट द्यायचं आणि लगेच परत भरून घ्यायचं. रात्रभर नांगर टाकून दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, मोबाईलचं चार्जिंग असं सगळं तिच्यावर चालवलं की ती खोलवर उतरते आणि असं वारंवार झालं की प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, मग कितीही चार्ज करा ती पहिल्यासारखी होत नाही. खारं पाणी, खारी हवा यांना सगळे दोष देतात पण माझ्या मते बॅटऱ्या जास्त मरतात त्या या दिव्यांमुळेच. उपाय साधा आहे, दिवे आणि यंत्रांना जाड प्लेटांची वेगळी बॅटरी ठेवायची आणि स्टार्टिंगवालीला फक्त सेल्फ जोडायचा.

मोठ्या इंजिनाला बऱ्याचदा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि इथे एक खोड सर्रास दिसते. वायरलेसचा सेट १२ चा, म्हणून जोडीतल्या एकाच बॅटरीवरून त्याची वायर काढतात. मग ती एक कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते, कारण आल्टरनेटर दोघींचा मिळून हिशोब बघतो, एकेकीचा नाही. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावला की हे थांबतं. जोडीतली एकच बदलली तरी जुनी नवीला खाली ओढते, म्हणून बदलायच्या तर दोन्ही.

खारी हवा आपलं काम करतेच, पण ते टर्मिनलवर. हिरवी-पांढरी बुरशी चढली की सेल्फ नुसता टक-टक करतो आणि लोक चांगली बॅटरी भंगारात देतात. सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासायचं, ते पाणी सेलमध्ये जाऊ द्यायचं नाही, कोरडं करून क्लॅम्प घट्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना तो शेवटी. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर. समुद्राचं पाणी आत गेलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून बॅटरी बिल्जपासून (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) उंच, पट्ट्याने बांधून आणि हवा खेळेल अशी ठेवतात, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि बंद इंजिनरूममध्ये एक ठिणगी पुरते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर तर काढूच नका, आल्टरनेटरचे डायोड जातात.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. बोट किनाऱ्यावर घेतात, शाकारतात, बॅटरी मात्र बऱ्याचदा आतच राहते आणि दोन महिन्यांत स्वतःहूनच उतरत जाते, उकाड्यात तर जास्तच. ती फुल चार्ज करून घरी आणावी, दर महिन्याला मीटर लावावा आणि १२.४ च्या खाली दिसली की चार्जरवर टाकावी. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं अजून लोक सांगतात, ते जुन्या लाकडी-रबरी डब्यांच्या काळातलं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचं काही होत नाही, फक्त वरचा भाग पुसून कोरडा ठेवायचा कारण ओल्या मळातून थोडा करंट गळतो.