डिस्क घेताना नाव शेवटी वाचा
डिस्क गोल्फ खेळणाऱ्या पुण्यातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिस्क गोल्फ म्हणजे प्लॅस्टिकची चकती फेकत फेकत टोपलीत टाकायचा खेळ. नवे खेळाडू डिस्क मागतात ती बहुतेक वेळा नावाने. डिस्ट्रॉयर द्या, बॉस द्या, न्यूक द्या. तिन्ही डिस्क उत्तम आहेत, पण ज्याचा हात अजून बसायचा आहे त्याने फेकल्या की त्या थोड्याच अंतरावर डावीकडे वळतात आणि जमिनीत घुसतात. तोच हात लेपर्ड ही फेकायला सोपी डिस्क जास्त लांब फेकतो. नाव खप वाढावा म्हणून ठेवलेलं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र डिस्क कशी उडेल हे त्यावरून कळत नाही. ते कशावरून कळतं, ते पुढे दिलं आहे.

नावं येतात कुठून

तिरप्या, निमुळत्या कडेची पहिली गोल्फ डिस्क म्हणजे ईगल. डेव्ह ड्युनिपेस यांनी ती 1983 मध्ये आणली आणि इनोव्हा कंपनी त्याच वर्षी उभी राहिली. त्याआधी लोक बोथट कडेच्या, झाकणासारख्या डिस्कने खेळत. ईगलपासून इनोव्हाने पक्षी आणि प्राणी धरले: टीबर्ड, फायरबर्ड, कोब्रा, शार्क, लेपर्ड. लांब पल्ल्याच्या डिस्क वाढत गेल्या तशी नावंही आडदांड होत गेली.

बाकीच्या कंपन्यांनी आपापला विषय ठरवून घेतला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या डायनॅमिक डिस्क्सने कोर्टकचेरी घेतली: जज, वॉर्डन, ट्रुथ, एव्हिडन्स, फेलन, ट्रेसपास. एमव्हीपीने भौतिकशास्त्र घेतलं: आयन, अ‍ॅटम, व्होल्ट, टेन्सर, टेस्ला. स्वीडनच्या कास्टाप्लास्टची नावं स्वीडिश आहेत. बर्ग म्हणजे डोंगर, फाल्क म्हणजे ससाणा. न्यूझीलंडच्या आरपीएमने तिथल्या पक्ष्यांची माओरी नावं घेतली: केआ, टुई, रुरू. विषय ओळखता आला की डिस्क कोणत्या कंपनीची ते लगेच समजतं. एवढाच त्याचा उपयोग.

अक्षर-आकड्यांची नावं जास्त कामाची. डिस्कमेनियाच्या जुन्या मालिकेत पी म्हणजे पटर (जवळून टोपलीत टाकायची डिस्क), एमडी म्हणजे मिडरेंज (मधल्या अंतराची), एफडी म्हणजे फेअरवे ड्रायव्हर (लांबची, पण सांभाळायला सोपी), डीडी म्हणजे डिस्टन्स ड्रायव्हर (सर्वांत लांबची). प्रॉडिजीची डी, एफ आणि एम ही अक्षरं साधारण तशीच वाचावीत. त्यांच्याकडे पुढचा आकडा जितका लहान तितकी डिस्क ओव्हरस्टेबल, म्हणजे शेवटी जास्त डावीकडे ओढणारी. इनोव्हाच्या नावापुढे 3 असेल (लेपर्ड3, रॉक3, टीबर्ड3) तर ती मूळ डिस्कची चपटी आवृत्ती समजावी. नावापुढचं ओएस म्हणजे ओव्हरस्टेबल. केसी म्हणजे बारा वेळा जगज्जेते ठरलेले केन क्लाइमो.

रॉक ही इनोव्हाची मिडरेंज. जुन्या रॉकचे शौकीन ‘रँचो रॉक’ आणि ‘ओंटारिओ रॉक’ असा फरक करतात. ही नावं कंपनीने बारसं करून ठेवलेली नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ज्या गावी इनोव्हा त्या काळी होती, त्याचं नाव साच्यातून डिस्कच्या खालच्या बाजूला उमटत असे: रँचो कुकामोंगा, ओंटारिओ. साचे बदलत गेल्यामुळे उड्डाणातही थोडा फरक पडला. हौशी लोक आजही डिस्क उलटी करून आधी ते बारीक अक्षर शोधतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

खेळाडूचं नाव आणि किंमत

व्यावसायिक खेळाडू पॉल मॅकबेथ अनेक वर्षं इनोव्हाकडून खेळले आणि 2019 च्या हंगामापासून डिसक्राफ्ट या दुसऱ्या कंपनीकडे गेले. 2021 मध्ये डिसक्राफ्टने त्यांच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला. त्यांच्या नावाने आलेल्या डिस्कमध्ये झ्यूस, हेडीस, अथीना ही ग्रीक पुराणातली नावं आहेत. झ्यूसवर छापलेले उड्डाणाचे आकडे (अर्थ पुढे दिला आहे) 12, 5, उणे 1, 3, आणि इनोव्हाच्या डिस्ट्रॉयरवरचेही नेमके तेच. दोन कंपन्यांचे दोन साचे, दोन नावं, काम मात्र एकच. ज्याच्याकडे यातली एक आहे त्याला दुसरी घ्यायची गरज नाही, असं आम्ही काउंटरवरही सांगतो.

‘टूर सिरीज’ डिस्कच्या किमतीतला काही भाग त्या खेळाडूला मिळतो. आवडत्या खेळाडूला हातभार लावायचा असेल तर जरूर घ्या. ‘फर्स्ट रन’ म्हणजे त्या साच्यातून किंवा त्या प्लॅस्टिकमध्ये निघालेला पहिला माल. ती डिस्क चांगलीच उडेल अशी हमी त्यात नाही. उलट ‘फॅक्टरी सेकंड’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा फक्त ठसा तिरका बसलेला किंवा रंग डागाळलेला असतो. सरावासाठी आम्ही हीच सुचवतो. वरचा चकाकता ठसा गरम दाबाने चिकटवलेल्या फॉइलचा असतो; तो झिजला तरी उड्डाणात फरक पडत नाही.

चार आकडे

आता मुद्द्याची गोष्ट. आकड्यांचा क्रम स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड असा. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी ते असे वाचावेत. ग्लाइड म्हणजे डिस्क हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना ती उजवीकडे किती झुकते. हा आकडा बहुधा उणे किंवा शून्य असतो, आणि उणे 3 वाली उणे 1 वालीपेक्षा जास्त झुकते. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे किती वळते. डाव्या हाताने बॅकहँड आणि उजव्या हाताने फोरहँड फेकणाऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

घोळ होतो तो स्पीडवरून. स्पीड 12 म्हणजे ही डिस्क तुमच्या हातून जास्त वेगाने जाईल असं नव्हे. छापल्याप्रमाणे उडायला तिला किती वेग द्यावा लागेल, ते हा आकडा सांगतो. स्पीड मुख्यतः कडेच्या रुंदीवर ठरतो: लेपर्डची कड साधारण 1.6 सेंटिमीटर, डिस्ट्रॉयरची 2.2. तेवढा वेग मिळाला नाही तर टर्न होतच नाही, उरतो फक्त फेड. मग छापलेला उणे 1 कागदावर राहतो आणि डिस्क सुरुवातीपासूनच डावीकडे ओढते. ती सरळ करायला हात आणखी उंच जातो, डिस्कचं नाक वर उचललं जातं आणि अंतर आणखी घटतं. ही सवय लागली की सुटायला वेळ लागतो, म्हणून आमचा आग्रह असा: 7 स्पीडची डिस्क 75 मीटर सरळ जात नाही तोवर 9 च्या वर जाऊ नका.

हे आकडे कंपनीने दिलेले असतात. पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना डिस्कला मान्यता देताना व्यास, वजन, कडेची रुंदी आणि खोली, लवचिकता अशा गोष्टी तपासते. उड्डाणाचे आकडे ती ठरवत नाही. म्हणून एका कंपनीचा 7 आणि दुसऱ्या कंपनीचा 7 जुळेलच असं नाही. एकाच कंपनीच्या डिस्क आपसात ताडून बघायला आकडे भरवशाचे आहेत, कंपनी बदलली की अंदाजाचे.

प्लॅस्टिक

एकाच साच्यातली डिस्क चार-पाच प्लॅस्टिकमध्ये येते आणि किमतीतला मोठा फरक इथेच असतो. साधं प्लॅस्टिक म्हणजे इनोव्हाचं डीएक्स, डिसक्राफ्टचं प्रो-डी, लॅटिट्यूड 64 चं रेट्रो, एमव्हीपीचं इलेक्ट्रॉन. पकड छान, किंमत कमी, झीज लवकर. कडक, बहुधा पारदर्शक आणि टिकाऊ म्हणजे (कंपन्यांच्या त्याच क्रमाने) चॅम्पियन, झी, ऑप्टो, प्रोटॉन. टिकाऊ पण हाताला मऊ आणि अपारदर्शक म्हणजे स्टार, ईएसपी, गोल्ड, न्यूट्रॉन. ऑप्टो, ल्युसिड आणि व्हीआयपी या नावांवरून गोंधळू नका. लॅटिट्यूड 64, डायनॅमिक आणि वेस्टसाइड यांचा माल बरीच वर्षं स्वीडनमधल्या एकाच कारखान्यात होत आला आहे, आणि ही तिन्ही एकाच प्लॅस्टिकची नावं आहेत.

चॅम्पियनमधली डिस्क त्याच साच्यातल्या डीएक्सपेक्षा सहसा जास्त ओव्हरस्टेबल असते. डीएक्स जशी झिजते तशी उजवीकडे झुकायला लागते. पुण्याच्या मुरमाड जमिनीवर आणि काळ्या दगडावर हे फार लवकर होतं, कड सोलल्यासारखी होते. पटर साध्या प्लॅस्टिकचा घ्या, ड्रायव्हर टिकाऊ प्लॅस्टिकचा.

वजन

वजन डिस्कच्या मागे मार्करने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं असतं. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅम ही मर्यादा आहे, आणि कोणतीही डिस्क 200 ग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणून 21.1 सेंटिमीटरचा ड्रायव्हर 175 ग्रॅमपर्यंत येतो आणि 21.7 सेंटिमीटरची बझ ही मिडरेंज 180 पर्यंत. अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळणारे 175 ची सवय सांगून तेवढ्याच वजनाचा ड्रायव्हर मागतात, पण त्यांची डिस्क 27 सेंटिमीटरच्या वर असते, त्यामुळे तुलना जुळत नाही. नव्या प्रौढ खेळाडूने पहिला ड्रायव्हर 160 ते 168 ग्रॅमचा घ्यावा, मुलांसाठी 150 च्या आतला. पटर मात्र जड चालतो, वाऱ्यात कमी हलतो.

पुण्याचं हवामान

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. किनाऱ्यापेक्षा इथली हवा साधारण पाच टक्के विरळ, त्यामुळे डिस्क किंचित कमी टर्न होते. मुंबईत सरळ जाणारी डिस्क इथे थोडी डावीकडे संपली तर हात बिघडला असं समजू नका. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवू नका, कड वाकते. वाकलीच तर हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून सपाट फरशीवर गार होऊ द्या. रंगही विचार करून घ्या: पावसाळ्यात हिरवी आणि उन्हाळ्यात तपकिरी डिस्क गवतात सापडत नाही, गुलाबी आणि निळी बाराही महिने दिसते. आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते तिथे, टेकडीवर तर नाहीच, ड्रायव्हर फेकू नका. शाळा-कॉलेजचं मोकळं मैदान परवानगी घेऊन वापरा.

काउंटरवर काय बघावं

एकाच नावाच्या दोन डिस्क मागा आणि टेबलावर शेजारी ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघा. कडेवर साच्याच्या दोन भागांचा जोड बारीक रेघेसारखा दिसतो. ज्या डिस्कची रेघ टेबलापासून जास्त वर, ती बहुधा जास्त ओव्हरस्टेबल. मग वरचा फुगवटा बघा: फुगीर डिस्क जास्त तरंगते, चपटी वाऱ्यात स्थिर राहते. बोट कडेखाली फिरवा. साच्याची खरखरीत धार राहिली असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने घासता येते, नियमात तेवढी मुभा आहे. डिस्कचा आकार बदलेल असं मात्र काही करू नका.

पहिली खरेदी तीनच डिस्कची ठेवा: एक पटर (एव्हिआर 2, 3, 0, 1 किंवा जज 2, 4, 0, 1), एक मिडरेंज (बझ 5, 4, उणे 1, 1) आणि एक फेअरवे ड्रायव्हर (लेपर्ड 6, 5, उणे 2, 1 किंवा रिव्हर 7, 7, उणे 1, 1). डिस्ट्रॉयर आमच्याकडे पुढच्या वर्षीही मिळेल.

प्रत्येक डिस्कचं वजन आम्ही आमच्या काट्यावर पुन्हा करून बिलावर लिहितो. मागे लिहिलेल्या वजनापेक्षा फरक वाटला तर तिथेच सांगा. न फेकलेली डिस्क बिल दाखवून बदलून मिळेल. एकदा जमिनीला लागलेली डिस्क परत घेतली जात नाही, कारण कडेवर एक ओरखडा पडला तरी ती पुढच्या ग्राहकाला नवी म्हणून देता येत नाही.