वैशाखात वाहणारं पावसाळी गटार

एप्रिल-मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या जाळीपाशी मिनिटभर थांबा. आतून पाणी वाहण्याचा आवाज आला, साबणाचा वास आला, तर ते पाणी कुठून येतंय हे शोधायला हवं. पाऊस तर नाही!

पुण्यातल्या इमारतींमधून साधारणपणे दोन वेगळ्या वाटांनी पाणी बाहेर पडतं. संडास, मोरी, स्वयंपाकघर यांचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमधून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जायला हवं. गच्चीवरचं, बाल्कनीतलं, पार्किंगमधलं पावसाचं पाणी मात्र पावसाळी गटारातून जवळच्या ओढ्यात जातं. आंबिल ओढा, नागझरी, रामनदी असे हे ओढे पुढे मुठेत नाहीतर मुळेत उतरतात. या दुसऱ्या वाटेवर शुद्धीकरण केंद्र लागतच नाही.

आपण ही वाट कशी बिघडवतो ते आमच्याच सोसायटीत पाहायला मिळालं. बाल्कनी बंद करून घेतली, वॉशिंग मशीन तिथं गेलं, आणि प्लंबरने त्याची नळी हाताशी असलेल्या पाइपला जोडून दिली. तो पाइप पावसाच्या पाण्याचा होता. पाच घरांत असंच झालं होतं आणि पाचही घरांना त्याचा पत्ता नव्हता. इतकी वर्षं आमचा साबण थेट ओढ्यात जात होता.

नदीच्या घाणीतला मोठा वाटा शुद्ध न करता सोडलेल्या मैलापाण्याचा आहे आणि ते थांबवणं हे महापालिकेचं काम आहे, यात शंका नाही. जायका या जपानी संस्थेच्या मदतीने होणाऱ्या प्रकल्पातून पुण्यासाठी ११ केंद्रं आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता ठरलेली आहे. पण केंद्रं कितीही बांधली, तरी चुकीच्या पाइपात शिरलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून ही जोडणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती फक्त घरात राहणाऱ्यालाच सुधारता येते.

शोधणं सोपं आहे. कोरड्या दिवशी, जिलेबीत घालतात तसा खाण्याचा केशरी रंग बादलीभर पाण्यात कालवा आणि जिथं मशीनची नळी जाते तिथं ओता. खाली एकाने ड्रेनेजच्या चेंबरपाशी आणि एकाने पावसाळी जाळीपाशी उभं राहायचं. रंग कुठं दिसतो त्यावरून उत्तर मिळतं. जोडणी बदलायला पाइपचे दोन-चार तुकडे आणि प्लंबरची एखादी सकाळ पुरते.

आता हे पाणी ओढ्यात गेल्यावर काय होतं ते पाहू. उन्हाळ्यात पुण्याच्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर ७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. पाणी तापलं की त्याहून कमी. मासे, खेकडे, पाणकिडे सगळे त्याच्यावर जगतात. पाण्यात अन्नाचा अंश गेला की जिवाणू तो खायला लागतात, आणि त्यांनाही तोच ऑक्सिजन लागतो. सगळ्यांत महाग पडतं ते तेल. एक ग्रॅम खाद्यतेल पूर्ण विघटित व्हायला जवळपास २.९ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. चकल्या तळून उरलेलं एक मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेल घ्या. त्याचं वजन सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम ऑक्सिजन. साडेपाच हजार लिटर पाण्यात मिळून तेवढा ऑक्सिजन असतो, अर्ध्या टँकरहून जास्त! हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात मिसळत असतो हे खरं, पण संथ, तुंबलेल्या ओढ्यात तो फार सावकाश येतो.

ड्रेनेजच्या पाइपात ओतलेलं तेलही निरुपद्रवी नसतं. त्यातली मेदाम्लं सिमेंटमधून सुटणाऱ्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि साबणासारखा टणक थर धरतो. मग चेंबर तुंबतं, उफाळतं आणि मैला रस्त्यावरून पुन्हा त्याच पावसाळी जाळीत शिरतो. म्हणून कढई आधी रद्दी कागदाने पुसायची आणि मग घासायची. उरलेलं तेल बाटलीत साठवून जुनं तेल गोळा करणाऱ्यांना द्यायचं.

हाच हिशोब देवाच्या बाबतीतही लागू आहे. एक लिटर दूध पाण्यात कुजायला १०० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन घेतं. निर्माल्याची फुलंही कुजतात, म्हणून त्यांची जागा कुंडीतल्या मातीत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेला मार्ग आहे. घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की ती काही दिवसांत विरघळते. खाली चुनखडीचा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. हे पाणी म्हणजे खत. ते पातळ करून झाडांना घालायचं. ओढ्यात ओतलं तर नत्र मिळून जलपर्णीच फोफावेल.

मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. भिगवणला रोहित पक्षी बघायला आपण पहाटे उठून जातो, ते त्याच पाण्यात उभे असतात. सोलापूर शहर तेच पाणी पितं.

आमच्या पाच घरांच्या जोडण्या मार्चमध्ये बदलल्या. मे महिन्यात जाळी उचलून पाहिली तर आत कोरडी पानं आणि एक सरडा होता. शेजारच्या इमारतीच्या जाळीतून मात्र अजून आवाज येतो. त्यांच्या सेक्रेटरी काकांशी बोलणं झालंय, रविवारी सकाळी केशरी रंगाची पुडी घेऊन आम्ही तिकडे जाणार आहोत.