बोटावरची रेघ

"गुर्जी, जरा ठळक लावा की. न्हाईतर घरी म्हणतील, म्हातारी गेलीच न्हाई."

7 मे 2024 ची दुपार. सांगली लोकसभेचं मतदान, खानापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं केंद्र, आणि मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची, हे माझं काम. रेघ ओढून झाली तरी आजी बोट पुढे धरूनच उभ्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सांगितलं, "आजी, आत्ता फिकी दिसली तरी उन्हात गेलात की आपोआप काळी हुईल." बोटाकडे बघत बघत त्या पायऱ्या उतरल्या.

आजींना मी खरंच सांगितलं होतं. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. सुरुवातीला दिसतो तो जांभळट रंग, रेघ लगेच ओळखू यावी म्हणून मिसळलेला. खरी खूण नंतर उमटते. आपल्या घामात मीठ असतं. त्यातलं क्लोराइड चांदीला धरतं आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबणाने जात नाही. त्यावर ऊन पडलं की चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि ते काळे दिसतात. जुन्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर चित्र उमटायचं ते याच मार्गाने. त्वचेच्या वरच्या मृत पेशींत हे कण अडकतात, त्या पेशी झडल्या की त्वचेवरची खूण जाते. नखातली मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत या शाईचं सूत्र तयार झालं आणि 1962 च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात ती बनते. हेतू एकच होता, एका माणसाने दोनदा मत देऊ नये.

पण आजींना त्या रेघेचं दुसरंच काम होतं. त्यांना ती घरी दाखवायची होती. माणूस मतदानाला का जातो आणि का जात नाही, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांच्या त्या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर असतं: ऊन होतं, सुट्टी जोडून आली, लोक आळशी झालेत. ऊन-पावसाचा परिणाम होतो, नाही असं नाही. अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकांचा अभ्यास सांगतो की एक इंच पाऊस पडला तर मतदान जवळपास एका टक्क्याने घटतं. बस, एवढंच. आता 2024 चा आपला महाराष्ट्र बघा. गडचिरोली-चिमूरमध्ये जंगल, लांबची पायपीट, नक्षलवादाची भीती, काही भागांत तर दुपारी 3 लाच मतदान संपलं. तिथे सुमारे 72 टक्के मतदान झालं. आणि मुंबई दक्षिणमध्ये, जिथे केंद्र गल्लीच्या टोकाला असतं, तिथे जेमतेम 50 टक्के. आपली सांगली आणि सातारा दोन्ही साठीच्या थोडी पुढे. त्रासामुळे लोक थांबत असते, तर हे आकडे उलटे लागायला हवे होते.

अभ्यासकांनी याचं एक समीकरण मांडलंय. मत देण्याचा फायदा = (माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता × माझा उमेदवार आल्यास मला होणारा लाभ) − (जाण्यायेण्याचा त्रास) + (क). आता आकडे घालून बघा. सांगली मतदारसंघात अठरा लाखांच्या वर मतदार, आणि 2024 ला विजयाचं अंतर होतं लाखाच्या घरात. माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता शून्याला इतकी चिकटलेली की तिला कितीही मोठ्या लाभाने गुणलं तरी हाती काही येत नाही. त्रास मात्र खरा आहे, अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते. म्हणजे हिशोबाने कुणीच जायला नको. तरी कोट्यवधी लोक जातात. सगळं वजन त्या 'क'वर येऊन पडतं, आणि 'क' म्हणजे काय हे समीकरण सांगत नाही. कर्तव्य म्हणा, समाधान म्हणा, लोकलाज म्हणा. यातलं कोणतं, हे ठरवायला प्रयोग लागतो.

इथे एक अडचण आहे, ती साताऱ्याच्याच उदाहरणाने सांगतो. 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात शरद पवारांची भर पावसातली सभा झाली. त्या सभेने निवडणूक फिरवली, असं आजही पारावर आणि टीव्हीवर ठामपणे सांगितलं जातं. फिरवली असेलही. पण हे तपासायला ती सभा न झालेला दुसरा सातारा हवा. तीच माणसं, तीच जातीपातीची गणितं, तेच उमेदवार, फक्त सभा तेवढी नाही. असा सातारा नाही. म्हणून अशा दाव्यांना विज्ञानात पुरावा म्हणत नाहीत. सोशल मीडियाच्या जोरावर मतं फिरवून देतो असं सांगत लाखो रुपये घेणाऱ्यांच्या दाव्यांनाही हाच नियम लागू. अमेरिकेत प्रचार पोचलेले आणि न पोचलेले मतदार ताडून बघणारे 49 प्रयोग एकत्र करून 2018 साली दोघा अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारामुळे मत बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. माणसाचं मत फिरवणं फार अवघड आहे. त्याला केंद्रापर्यंत आणणं त्या मानाने सोपं आहे.

ते कसं, याचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग 2006 चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. ऍलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या तिघांनी चक्क दुसरा सातारा तयार केला, तोही चिठ्ठ्या टाकून. एक लाख ऐंशी हजार घरं घेतली. त्यातल्या एक लाख घरांना काहीच पाठवलं नाही. उरलेल्यांचे वीस-वीस हजारांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळं पत्र धाडलं. कुणाला कोणतं पत्र जाणार हे नशिबावर सोडलेलं. त्यामुळे श्रीमंत-गरीब, तरुण-म्हातारे सगळ्या गटांत सारखे वाटले गेले, आणि मतदानात फरक पडला तर तो पत्रामुळेच, असं छातीठोक सांगता येईल.

पहिल्या पत्रात साधं आवाहन, मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे. दुसऱ्यात, तुम्ही मतदान करता का याचा आम्ही अभ्यास करतोय. तिसऱ्यात त्या घरातल्या माणसांची नावं आणि मागच्या निवडणुकांत कोण गेलं, कोण नाही याची नोंद. तिथे अशी नोंद कुणालाही बघता येते. मत कुणाला दिलं ते अर्थातच गुप्त. आणि चौथ्या पत्रात घरच्यांबरोबर शेजाऱ्यांच्याही नोंदी, खाली सूचना की निवडणुकीनंतर नवा तक्ता सगळ्यांना पाठवू. म्हणजे तुमची नोंद शेजाऱ्याच्या हातात.

पत्र न मिळालेल्या घरांत 29.7 टक्के मतदान झालं. कर्तव्याच्या पत्राने ते 31.5 झालं. अभ्यास चाललाय म्हटल्यावर 32.2. घरची नोंद दाखवल्यावर 34.5. आणि शेजाऱ्यांचा तक्ता मिळालेल्या घरांत 37.8. एका कागदाने आठ टक्क्यांची वाढ! कर्तव्याच्या उपदेशाने दोन टक्केही वाढ झाली नाही, आणि 'चारचौघं बघतायत' एवढ्या जाणिवेने त्याच्या चौपट. ही पक्षांतर्गत निवडणूक होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीची, मतदान मुळातच कमी असतं तिथे. मोठ्या निवडणुकीत परिणाम कमी भरतो, हेही नोंदवायला हवं. पण पायऱ्या बघा कशा चढत जातात: जितके डोळे जवळचे, तितकी ओढ जास्त.

उलट्या बाजूचा पुरावा स्वित्झर्लंडचा. तिथे टप्प्याटप्प्याने, एकेका प्रांतात, घरबसल्या टपालाने मत देण्याची सोय आली. आमच्या समीकरणातला त्रास जवळजवळ शून्य झाला. मतदान भरभरून वाढायला हवं होतं. पाट्रिशिया फुंक यांनी आकडे तपासले, तर एकूण वाढ नगण्य, आणि जिथे लहान लहान गावं जास्त तिथे मतदान घटलेलं. गावात केंद्रावर जाताना लोक एकमेकांना दिसायचे. टपालाच्या पेटीत पाकीट टाकताना कोण बघणार?

आजींच्या घरातलं सांगायचं तर त्यालाही प्रयोग आहे. 2002 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर आणि मिनियापोलिसमध्ये दोन मतदार असलेल्या घरांत दार उघडणाऱ्याला मतदानाचा आग्रह केला. त्याच्यावर झालेल्या परिणामाचा साठ टक्के भाग घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचला, ज्याच्याशी कार्यकर्ता बोललाही नव्हता. मतदान घरात पसरतं.

आपल्या भागात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की विट्या-आटपाडीचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, पार दुसऱ्या राज्यातून येतात, माण-खटावचे माथाडी कामगार नवी मुंबईहून रात्रीच्या गाड्या भरून येतात. वॉर्डात मतं थोडी, एकेका मताला किंमत असते, हे खरं. गाड्यांची सोयही कुणीतरी करतं. पण तेवढंच नाही. यादी घेऊन बसलेला कार्यकर्ता भावकीतला असतो, आणि आला नाहीत तर पुढच्या जत्रेत विचारतो.

याच जागी एक घाणेरडी गोष्टही शिरते. मतदानाच्या आदल्या रात्री पैशाच्या पाकिटाबरोबर बेलभंडारा, म्हणजे देवाचं बेलपान आणि हळद, उचलायला लावतात, अमक्यालाच मत देईन अशी शपथ घ्यायला लावतात. लोक घाबरून ती पाळतात. केंद्रावर बसलेला माणूस म्हणून सांगतो: यंत्रात मताबरोबर नाव जात नाही, आणि यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या पेटीची, चिठ्ठी 7 सेकंद दिसून आत पडते, तिच्यावर मतदाराची कसलीच खूण नसते. धाकाने घेतलेली शपथ मोडल्याने कुणाच्या लेकराबाळांना काही होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यातून अंधश्रद्धेविरुद्ध उभं आयुष्य काम केलं, त्या मुलखात तरी देवाच्या नावाने मत बांधून घेणं बंद व्हायला हवं. तुम्ही गेलात का, हे गावाने बघावं. कुणाला दिलंत, हे कुणीही बघू नये. ती काळी रेघ नेमकं पहिलं सांगते आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहते.

20 नोव्हेंबरला विधानसभेला पुन्हा ड्युटी लागली, दुसऱ्या गावात. बोटाचं नख महिन्याला साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मे महिन्यातली शाई एव्हाना बहुतेकांच्या नखातून निघून गेलेली. म्हातारपणी हा वेग मंदावतो. सकाळी पहिल्या तासाला एका आजोबांनी बोट पुढे केलं, तर नखाच्या अगदी टोकाला एक काळा ठिपका शिल्लक. मी विचारलं, "मे महिन्यातली का?"

"व्हय. मुद्दाम कापलं न्हाई," आजोबा म्हणाले.