आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही

'उघडा एअर फिल्टर बसवा, गाडीची ताकद वाढते' हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. बहुतेक गाड्यांत तसं होत नाही. कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा बंद डबा बोजड दिसतो खरा, पण तो सहसा समोरच्या जाळीमागून किंवा मडगार्डच्या बाजूने बाहेरची थंड हवा ओढतो. आडोसा न करता बसवलेला उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवाच घेतो. हवा साधारण ३ अंशांनी तापली की तिची घनता सुमारे १ टक्क्याने घटते; ३० अंशांचा फरक पडला तर ऑक्सिजन जवळजवळ १० टक्के कमी. तेवढं इंधनही कमी जळणार. मग गाडी जास्त पळते असं का वाटतं? डबा गेल्यावर हवा ओढण्याचा आवाज मोकळा होतो आणि कान फसतात.

टर्बो इंजिनाची, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या इंजिनाची, गोष्ट वेगळी. तिथे ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, बूस्ट (आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवला तर फरक खरोखर जाणवतो, मात्र क्लच आणि गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो. वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, ते वेगळंच.

मला विचाराल तर पहिला पैसा चांगल्या टायरवर घाला. ओल्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक दाबावा लागला की तो का घातला ते कळेल.