गणित आणि भौतिकशास्त्राचं डबल मेजर: चार वर्षं कशी बसवायची
अमेरिकेत पदवीला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

डबल मेजर म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय. आखणी चौथ्या वर्षाच्या फॉल सेमिस्टरपासून (साधारण ऑगस्ट ते डिसेंबर) सुरू करा आणि उलटं मागे या. पीएचडीचे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात. चौथ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये (साधारण जानेवारी ते मे) घेतलेल्या कोर्सची ग्रेड तोवर आलेलीच नसते. त्यामुळे क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्वाचा वरचा कोर्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, रिअल ॲनालिसिस आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा त्याआधी झालेले किंवा निदान चालू हवेत. लहान विभागांत यांतले बरेच कोर्स वर्षातून एकदाच निघतात. एक हुकला की वर्षभर थांबा.

अडतं ते बहुधा गणितामुळे. कॅल्क्युलस ३ (अनेक चलांचं कॅल्क्युलस) झाल्याशिवाय विद्युतचुंबकत्वाच्या वरच्या कोर्सला सहसा घेत नाहीत आणि लिनिअर अल्जिब्राशिवाय क्वांटमच्या वर्गात बसून उपयोग नाही. पहिल्या फॉलला कॅल्क्युलस १ घेतलं, तर कॅल्क्युलस ३ दुसऱ्या वर्षाच्या फॉलला संपतं. त्याच्या जोडीला किंवा पुढच्या स्प्रिंगला लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स घेतलं, की तिसऱ्या वर्षी क्वांटम. बसतं, पण मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. कॅल्क्युलस २ पासून सुरुवात झाली तर एक सेमिस्टर हाताशी राहतं.

म्हणून प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणारी परीक्षा, हलक्यात घेऊ नका. बारावीच्या मार्कांवर क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे कोर्सचे गुणांक) मिळेलच असं धरून चालू नका. आता नेमकं कुठे फसतं ते बघा: बारावीत आणि जेईईच्या तयारीत इंटिग्रेशन पक्कं होतं, पण अनंत श्रेणी अभिसारी आहे की नाही हे ठरवण्याच्या कसोट्या आणि टेलर श्रेणीचा नीट अभ्यास होत नाही. तिकडे हा भाग कॅल्क्युलस २ मध्ये असतो. टेस्टमध्ये चांगले मार्क पडले म्हणून थेट कॅल्क्युलस ३ ला गेलात, तर हे भोक दीड-दोन वर्षांनी उघडं पडतं: डिफरन्शियल इक्वेशनची श्रेणीने उकल करताना, आणि मग ॲनालिसिसमध्ये. उडी जरूर मारा, पण जून-जुलैत तेवढं प्रकरण घरी करून जा.

प्रूफ लिहिण्याचा पहिला कोर्स दुसऱ्या वर्षीच उरका. पर्याय पाहून उत्तर गाठायची सवय तिथे कामाला येत नाही. त्याच सेमिस्टरला दोन लॅब घेऊ नका. लॅब बहुधा १ क्रेडिटची दिसते, पण आठवड्याचे सुमारे ३ तास घेते, रिपोर्ट लिहायचा वेळ वेगळा.

पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला १५. वर्गात १ तास, तर बाहेर २ तास हा नेहमीचा हिशेब धरला तर आठवड्याला ४५ तास झाले. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि या हिशेबात ऑनलाइन कोर्स एकच, फार तर ३ क्रेडिटचा धरतात. त्यामुळे १२ वर बसून एखादा कोर्स ड्रॉप करू नका. आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

एकच कोर्स दोन्ही मेजरमध्ये किती वेळा मोजता येतो, याची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी. भौतिकशास्त्र विभागाचा ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ गणित विभाग मोजेलच असं नाही. होकार ईमेलवर घ्या, तोंडी नको.

उन्हाळ्यातल्या संशोधनासाठी एनएसएफच्या (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) पैशातून चालणाऱ्या आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचं संशोधन) जागा अमेरिकी नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. आपल्या मुलांनी पहिल्या वर्षापासूनच विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे विचारणा सुरू ठेवावी.

पहिली नोंदणी बहुतेकदा इथूनच, ऐन पावसाळ्यात करावी लागते. तेव्हा न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०, आणि कॅलिफोर्नियाचे ८ म्हणजे रात्रीचे ८:३०. वायफायच्या भरवशावर बसू नका, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. लॅबचे सोयीच्या वेळेचे सेक्शन (तुकड्या) आधी भरतात, म्हणून आधी लॅब पकडा, लेक्चर मागाहून. प्रत्येक कोर्सला एक पर्याय कागदावर लिहून ठेवा.

आमच्याकडे सल्ल्याला येताना तुमच्या प्रवेशवर्षाचा कॅटलॉग (विद्यापीठाचे कोर्स आणि नियम यांचं पुस्तक), दोन्ही विभागांच्या अटींची पानं, प्लेसमेंटचा निकाल आणि बारावीची मार्कशीट आणा. मागच्या दोन वर्षांची कोर्सची वेळापत्रकंही प्रिंट करून आणा. कोणता कोर्स फक्त फॉलला निघतो, हे त्यांच्यावरूनच कळतं.